पाह्यलं का? मंग लिही

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या शाळेची प्रयोगशाळा उघडली नाही. परीक्षेचा तो महिना सोडला तर कामाच्या दिवशी असे पंचवीस वर्षांत कधी घडले नव्हते. ज्यांच्याकडे किल्ली असते त्या सुमन वाकोडे, वय चोपन्न, पद शिपाई, त्या वेळी तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका शाळेत खिडकीजवळच्या बाकावर बसल्या होत्या. समोर पाण्याची बाटली, दोन पेन आणि टोक केलेली पेन्सिल. दहावीच्या विज्ञान भाग दोनचा पेपर अकरा वाजता सुरू होणार होता.

शाळा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. तिथले प्रयोगशाळा सहायकाचे पद आठ वर्षे रिकामे होते. काम सुमनबाई करत होत्या, पगारपत्रकात त्या शिपाई होत्या. शाळा चालवणाऱ्या संस्थेने आदल्या पावसाळ्यात कळवले की पुढच्या सत्रात हे पद भरायचे आहे. विज्ञान घेऊन दहावी पास झालेले शाळेतच कोणी असेल तर त्याला पदोन्नती मिळेल. नसेल तर संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून माणूस येईल आणि प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडे जाईल. सुमनबाई दहावी नापास होत्या. नापासाचा विषय विज्ञान.

मी या शाळेत वीस वर्षांपूर्वी शिकलो. आता रामदासपेठेतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत इतरांच्या बातम्या तपासतो. खाली लिहिले आहे त्यातले काही मी पाहिले आहे, काही दोघातिघांकडून पडताळून घेतले आहे. एकाच माणसाचे सांगणे असेल तिथे तसे म्हटले आहे.

शाळेत त्यांना सगळे मावशी म्हणतात. बुटक्या, काटक, चालताना आवाज न करणाऱ्या. किल्ली निळ्या दोरीत, दोरी गळ्यात. अंबाड्यात फूल नाही, चित्रकलेचा बारीक ब्रश खोचलेला. कांद्याचा पापुद्रा पाण्यातून उचलून काचेवर ठेवायला त्यांना तो लागतो, आणि वर्गात एकदा खाली ठेवलेला ब्रश परत मिळत नाही, हा त्यांचा अनुभव. कांदे शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून येत. स्वयंपाकीण कुरकुरे. मावशी कांद्याच्या आतल्या वळणावरून एकच पापुद्रा सोलत आणि बाकीचा कांदा परत नेऊन देत.

विज्ञानाचा तास पिंपळकर मॅडम घेत. त्या चांगल्या शिकवत, पण मुले साठ आणि सूक्ष्मदर्शक पाच. तास संपला की मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर आणि परीक्षेआधी रोज, प्रयोगशाळेतल्या बेसिनजवळ मावशींची उजळणी चाले. तिला कोणी परवानगी दिली नव्हती, कोणी थांबवलेही नव्हते. नियम एक होता. पुस्तकातली आकृती पाहून वहीत आकृती काढायची नाही. कोणी काढू लागले की मावशींचा तळहात वहीवर पडे.

“पाह्यलं का?”

“नाही, मावशी.”

“मंग काहून काढून राह्यली? पहिले पाह्य. पाह्यलं? मंग लिही.”

या नियमाचे कारण त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितले, आणि हे फक्त त्यांचेच सांगणे आहे. काटोलकडच्या त्यांच्या गावी शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता. दहावीच्या पेपरात पेशीची आकृती आली. त्यांनी पुस्तकातली आठवून काढली, केंद्रक पेशीच्या बाहेर काढले आणि त्याला नावही दिले. “मले वाटलं, केंद्रक म्हणजे बाजूचं घर,” त्या म्हणाल्या. “कधी पाह्यलंच नव्हतं गा. पाह्यलं असतं तं काढलं असतं का बाहेर?” त्या वर्षी त्या नापास झाल्या आणि त्याच वर्षी लग्न झाले. पेशी त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती एकोणतिसाव्या वर्षी, या शाळेत नोकरीला लागल्यावर, प्रयोगशाळा झाडताना.

मी नववीत असताना त्यांनी नायलॉनची दोरी आणली होती. इतवारीतल्या दोरीवाल्याकडून नऊ मीटर मोजून आणलेली, पांढरी. तिचे एक टोक त्यांनी माझ्या हातात दिले आणि दुसरे घेऊन व्हरांड्यात चालत गेल्या. आठवी अ, आठवी ब, शिक्षकांची खोली मागे पडली. शेवटी पाण्याच्या टाकीशी थांबून ओरडल्या, “हे तुह्यं टोक तोंड आहे! हे माह्यं शेवटचं! मधातलं सगळं तुह्या पोटात आहे!” मग ती दोरी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत भरायला सांगितली. पिशवी माणसाच्या पोटाएवढी. आम्ही कोंबली, ती गाठी होऊन बाहेर आली. अर्ध्या तासाने एका मुलाला जमले. त्याने दोरी न कोंबता वळणावळणाने, पदराच्या निऱ्या घालाव्या तशी बसवली होती. “हे आतडं,” मावशी म्हणाल्या. “आता लांबी कोणी इसरनार नाही.” मी विसरलेलो नाही.

परिसंस्थेसाठी त्यांनी शाळेमागची सिमेंटची फुटकी टाकी धरली होती. तळाशी माती, वर शेवाळ, पाण्यात गप्पी मासे, काठावर बेडूक, वर चतुर. पाटीवर खडूने लिहिलेले: परिसंस्था. उपसू नये. उत्पादक कोण, भक्षक कोण, विघटक कोण, हे मुले टाकीकाठी उकिडवी बसून शोधत. मागच्या उन्हाळ्यात महापालिकेचा एक कर्मचारी कूलरच्या टाक्यांमधल्या डासांच्या अळ्या तपासत शाळेत आला. ही टाकी पाहून तो म्हणाला, “बाई, हे पाणी आजच्या आज फेका. डेंगू होते.”

“अळी दाखवा, मंग फेकते.”

“दाखवायचं काय त्यात? साचलं पाणी आहे म्हणजे अळी आहेच.”

“साहेब, पाह्यलं का?”

तो ओगराळ्यासारखे भांडे बुडवून पाणी काढू लागला. पाच वेळा काढले. पाच वेळा गप्पी मासा आला, अळी एकदाही नाही. तोवर आठवीचा वर्ग भोवती गोळा झाला होता. सहाव्यांदा भांडे बुडवताना त्याने विचारले, “मासे तुम्ही सोडले?” मावशींनी मुलांकडे पाहून विचारले, “अळीले कोण खाते?” तीस आवाजांत उत्तर आले. पिंपळकर मॅडम तिथे होत्या. त्या सांगतात की तो माणूस हसला, आपल्या वहीत आधीच लिहिलेला शेरा खोडला आणि जाताना विचारून गेला, पुढच्या शाळांत सोडायला इथले थोडे मासे मिळतील का. मावशींनी त्याला रिकाम्या बरणीत मासे दिले. बरणीवर चिठ्ठी चिकटवली: भक्षक.

सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न बसता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा, त्यांनी भरला तेव्हा मुख्याध्यापक मोहोड सरांनी त्यांना खुर्ची दिली. सरांना त्या हव्या होत्या, पण त्यांनी हिशेबाची गोष्ट लपवली नाही.

“सुमनबाई, नीट ऐका. शिपाई म्हणून तुमची नोकरी साठीपर्यंत. सहायक झाल्या की अठ्ठावन्नला निवृत्ती. परीक्षा देऊन दोन वर्षं कमी करून घेणारं माणूस मी पाहिलं नाही.”

“चालते, सर. पाटीवर नाव येते ना?”

प्रयोगशाळेच्या दाराशी लाकडी पाटी होती. ‘प्रयोगशाळा सहायक’ एवढेच तिच्यावर उरले होते. त्याखालचे जुने नाव आठ वर्षांपूर्वी खरवडून काढले होते.

जानेवारीत शाळेने दहावीची सराव परीक्षा घेतली. मावशी आचलच्या शेजारी बसल्या. आचल ही दहावी ब मधली, वडील कारखान्यात मशीनवर, मुलगी तोंडाळ आणि हुशार. विज्ञान भाग दोनमध्ये आचलला चाळीसपैकी पस्तीस मिळाले. तिला उजळणी देणाऱ्या मावशींना नऊ.

तो पेपर मावशींनी मला नंतर दाखवला. पेशीविभाजनावरच्या प्रश्नाला तीन ओळींचे उत्तर होते: ‘धागे मधात येतात. मंग फाटतात. मंग दोन घरं होतात.’ खाली आकृती होती, अचूक, पण एकाही भागाला नाव नव्हते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेच्या कामासाठी लिहिले होते: ‘चूल.’ परिसंस्थेवरच्या पाच गुणांच्या प्रश्नाला उत्तरच नव्हते. वेळ संपला होता. त्यांनी पंचवीस वर्षांत चिठ्ठीपलीकडे काही लिहिले नव्हते. चिठ्ठीचा वेग पेपराला पुरला नाही.

“चूल चूक आहे का?” त्यांनी मॅडमना विचारले.

“चूक नाही, मावशी. पण तपासणारा पुस्तकातला शब्द शोधतो.”

मावशींनी पेपर घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि बेसिन धुवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी उजळणीला चौदा मुली आल्या तेव्हा मावशी दारातच म्हणाल्या, “आजपासून मॅडमकडे जा वं. नापास बाईकडून काय शिकता?”

आचल आत शिरली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मावशी, सांगा, पेशीविभाजनात पहिले काय होते?”

“तुले येते.”

“मले येते. तुम्ही सांगा.”

मावशींनी सांगितले. गुणसूत्रे आखूड आणि जाड होतात, केंद्रकाचे आवरण नाहीसे होते. त्यांनी सगळे न थांबता सांगितले. संपल्यावर आचलने त्यांच्या पुढ्यात वही सरकवली आणि वर तळहात आपटला.

“बोललं का? मंग लिही.”

मुली हसल्या. मावशी आधी हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मलेच?” आणि पेन घेतला. त्या दिवसापासून उजळणी दोन बाजूंनी चालली. पहिला अर्धा तास मावशी दाखवत आणि मुली पाहत. दुसरा अर्धा तास मावशी लिहीत आणि मुली घड्याळ धरत. ‘घर’ लिहिले की आचल खोडे, ‘धागे’ लिहिले की दुसरी एक खोडे. “गुणसूत्रं म्हणा, मावशी.” “म्हणतेच तं आहो. हात आयकत नाही.” फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पाच गुणांचे उत्तर नऊ मिनिटांत लिहिले. सुरुवातीला बावीस लागत. मुलींनी त्यांना अंबाड्यातला ब्रश काढून त्याच ब्रशाने सलामी द्यायला लावली.

चूक त्याच महिन्यात सापडली.

प्रयोगशाळेत लाकडी खोका आहे. त्यात कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या चार स्लाइड आहेत, पेशीविभाजनाच्या चार अवस्थांच्या. कागदाची नावे कधीच उडून गेली. मावशी अवस्था खाचेवरून ओळखत: पहिली खाच पूर्वावस्था, दुसरी मध्यावस्था, तिसरी पश्चावस्था, चौथी अंत्यावस्था. खोका झाडणारे माणूस एकच असल्याने ही पद्धत पंचवीस वर्षे चालली. मुलींची अभ्यासाची सुट्टी लागली त्या शनिवारी आचल एकटी मागे थांबली आणि स्लाइड पुन्हा पाहू लागली.

“मावशी, तिसरीत दोन केंद्रकं दिसून राह्यले.”

“तिसरीत नाही दिसत. तिसरीत ताणलेले दिसतात.”

“पाह्यलं का?”

“पंचवीस वर्षं झाले पाहून राह्यली. खोका चुकत नाही, आचल.”

“पाह्यलं का, मावशी? आज?”

मावशी वाकल्या. आचल सांगते, त्या बराच वेळ वर उठल्या नाहीत. मग त्यांनी चौथी स्लाइड लावली, पुन्हा तिसरी, पुन्हा चौथी. दिवाळीच्या सफाईत त्यांनी स्लाइड पुसून ठेवल्या होत्या आणि तिसरी चौथीत, चौथी तिसरीत गेली होती. त्यानंतरच्या सगळ्या उजळण्यांत चौदा मुलींनी अंत्यावस्था पाहून तिच्याखाली पश्चावस्था लिहिले होते. मावशींनी स्वतःही. आचललासुद्धा ते आजवर खटकले नव्हते, कारण खोका चुकत नाही हे तिनेही मानले होते.

रविवारी सकाळी सात वाजता मावशी सायकल घेऊन निघाल्या. हँडलला डब्याची पिशवी, पिशवीत स्टीलचे झाकण, लाल आणि हिरवे लोकरीचे धागे, चिकटपट्टी आणि मुलींच्या पत्त्यांचा कागद. प्रत्येक घरी त्या जमिनीवर झाकण ठेवत, मधोमध गाठ बांधलेल्या धाग्यांच्या जोड्या मांडत, गाठ सोडून एकेक धागा दोन टोकांना ओढत आणि म्हणत, “हे तिसरं. मी चुकीचं दाखवलं होतं. वही आण.” मुलगी वहीतले खोडून दुरुस्त करी आणि मावशी पुढच्या घरी जात. एका घरी वडील रात्रपाळी करून झोपले होते. ते उठून आले आणि त्यांनी विचारले, “एवढ्यासाठी आले का, मावशी? फोन करायचा होता.”

“फोनवर दिसत नाही, भाऊ.”

दुपारी दोनपर्यंत चौदा घरे झाली. शेवटच्या घरी त्यांना भाकर आणि झुणका वाढला तेव्हा त्यांनी आधी वही पाहिली, मग जेवल्या. सोमवारी त्यांनी चारही स्लाइडच्या कडेला चिकटपट्टी लावून अवस्थांची नावे स्वतःच्या अक्षरात लिहिली. खोक्यातली ही त्यांच्या हाताची पहिली नावे. त्या दिवसापासून स्लाइड कोणत्याही खाचेत ठेवली तरी चालते.

पेपराच्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी झडती घेणाऱ्या बाईंनी अंबाड्यातला ब्रश बाहेर ठेवायला लावला. हे आचलने पाहिले. तिचे केंद्र तेच होते. पेपर सुटल्यावर मावशी सर्वांत शेवटी बाहेर आल्या. बोटांना शाई होती. ब्रश परत घेतला आणि अंबाड्यात खोचला.

“मावशी, कसा गेला?”

“मध्यावस्था विचारली वं. तिसरी विचारलीच नाही. चौदा घरं फिरली मी!”

“सगळं लिहिलं का?”

“सगळं. चूल नाही लिहिली.”

परिसंस्थेच्या प्रश्नाला त्यांनी शाळेमागची टाकी लिहिली, उत्पादकापासून विघटकापर्यंत, आणि प्रत्येक जिवापुढे पुस्तकातला शब्द. पाच मिनिटे उरली तेव्हा आकृतीतली नावे पुन्हा वाचली. हे त्यांचे सांगणे. उत्तरपत्रिका मी पाहिलेली नाही.

निकाल मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी एकला लागला. शाळेच्या संगणकाच्या खोलीत मोहोड सर, पिंपळकर मॅडम आणि चौदापैकी अकरा मुली होत्या. मावशी टाकीत पाणी घालायला गेल्या होत्या, ऊन फार होते आणि मासे वर येत होते. चौदाही मुली विज्ञानात पास होत्या. मग सरांनी मावशींचा बैठक क्रमांक टाकला. इंग्रजी छत्तीस. गणित एकेचाळीस. विज्ञान बासष्ट. निकाल: उत्तीर्ण.

मुली ओरडत मागे धावल्या. आचल पुढे होती. मावशींनी हातातली बादली खाली ठेवली नाही.

“मावशी, पास! विज्ञानात बासष्ट!”

“पाह्यलं का?”

“हाव, मावशी! पाह्यलं! या डोळ्यानं पाह्यलं!”

तेव्हा मावशींनी बादली ठेवली. मुलींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून संगणकाच्या खोलीत नेले. पडद्यासमोर उभ्या राहून त्यांनी चष्मा पुसला आणि आपले नाव, विषय आणि गुण मोठ्याने वाचले, वरून खालपर्यंत, एकदा. पेढे मोहोड सरांनी आणवले. पोषण आहाराच्या स्वयंपाकिणीने पेढा घेतला आणि मावशींना म्हणाली, “आता तरी माह्ये कांदे सोड.” मावशी म्हणाल्या, “आता तं रीतसर मागीन.”

पदोन्नतीची मान्यता यायला ऑक्टोबर उजाडला. त्या आठवड्यात मी माझ्या दाखल्याची दुसरी प्रत घ्यायला शाळेत गेलो होतो. सकाळी अकराला एक रंगारी प्रयोगशाळेच्या दाराशी स्टुलावर बसून पाटी रंगवत होता. ‘प्रयोगशाळा सहायक’च्या खाली त्याने पांढऱ्या रंगात लिहिले: सुमन वाकोडे. मावशी आत होत्या. निळी दोरी गळ्यात, ब्रश अंबाड्यात. नववी ब चा वर्ग पाच सूक्ष्मदर्शकांभोवती रांगेत उभा होता. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पुस्तक उघडून पेशीची आकृती उतरवू लागली. मावशींचा तळहात तिच्या वहीवर पडला. मुलगी उठून रांगेत उभी राहिली.

मी बारा वाजता दाखला घेऊन निघालो तेव्हा ती सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. पाटीवरचा रंग अजून ओला होता.